साखर एका जागी बसली

घरच्या मालकिणीस,

नमस्कार-चमत्कार राहू दे, सरळ मुद्द्यावर येतो. आपला पोरगा अजून आयसीयूतच आहे, पण सुधारतोय. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्यावर तू रडतेस, म्हणून लिहितोय.

तू विचारतेस, याला कधी साखर नव्हती, मग आता कुठून आली? मीही नर्सबाईंशी त्यावरूनच भांडलो. त्या म्हणाल्या, "बाबा, एवढ्या आजारात धडधाकट माणसाचीही साखर वाढते. वाढली तर औषधानं उतरवतो. पण ती सारखी वरखाली झोके घेते ना, तेव्हा जिवाला जास्त धोका."

आपल्या टेम्पोतली मडकी वेगानं नाही, गचक्यांनी फुटायची, तसंच हे. मला पटलं.

मागच्या आठवड्यात फार गचके बसले. पण कालपासून साखर एका जागी बसलीये. डॉक्टर एरवी उभ्याउभ्या सटकतात, आज खुर्ची ओढून बोलले. उद्या श्वासाची नळी काढून बघणार आहेत.

सकाळी त्यानं डोळे उघडले. मी म्हटलं, "ओळखलंस का रे?" तर कपाळाला आठ्या घातल्या. म्हणजे ओळखलं.

तू गोड सोडलंस म्हणे. खा गुपचूप, तुझ्या उपासानं त्याची साखर उतरत नसते. सूनबाई जेवते ना वेळेवर?

इतके दिवस तुला येऊ नको म्हणालो, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं. आता ये. सूनबाईलाही आण.

तुझा तापट म्हातारा