गणवेशातल्या पोराला हात लावायचा नाही

केप फ्लॅट्स
१७ नोव्हेंबर

प्रिय बुटी,

तुरुंगात बरा असशील. आम्ही बऱ्या आहोत. रविवारी आपल्या मा-ने कुसिस्टर तळले आणि तुझी आठवण काढत पाकात जरा जास्तच बुडवले. मोठ्या भावाला नावाने हाक मारू नये, बुटी म्हणावं, हे तिनेच शिकवलेलं. अजून म्हणतेय.

सोमवारी जीवशास्त्राचा पेपर. चांगला गेला तर नर्सिंगला प्रवेश, नाहीतर जन्मभर कोंबड्यांच्या कारखान्यात पिसं उपटायची. गोळीबार सुरू झाला की मी न्हाणीघरातल्या लोखंडी टबात उशी घेऊन पडते, तू पडायचास तशीच. मा कमोडच्या झाकणावर बसून जुन्या पेपरांतले प्रश्न विचारते.

"कुत्रा अंगावर धावून आला तर शरीरात काय होतं?"

"ॲड्रेनालिन वाढतं. हृदय जोरात धडधडतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात."

"पुढे? अजून एक गुण राहिलाय, बाई! कागदावर आहे तेच सांग, पदरचं नको."

तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण परीक्षक म्हणून वाघीण आहे.

आमचे मास्तर शिकवतात निम्मं इंग्रजीत आणि पेपर येतो अस्सल आफ्रिकान्समध्ये. त्यामुळे आफ्रिकान्समधले जुने पेपर उत्तरांसकट ज्याच्याकडे, तो वर्गाचा राजा. यंदा तो राजा केर्विन होता. रस्त्यापलीकडचा, दुसऱ्या टोळीच्या हद्दीतला.

होता, असं लिहून गेले. तुला माहीतच आहे म्हणा.

गुरुवारी दुपारी तो ते पेपर द्यायला आला. एवढ्या उन्हात शाळेचा कोट, टाय, सगळं अंगावर. मा फाटकातच ओरडली, "रस्ता ओलांडून आलास? डोकं ठिकाणावर आहे का रे?"

तो हसला. "आंटी, कोट घातलाय ना! परीक्षेच्या दिवसांत गणवेशाला कोण हात लावतंय? तुमच्याच एल्रिकोचा नियम."

खरंच तुझाच. कमरेला पिस्तूल लावून भररस्त्यात उभा राहिलास आणि दोन्ही टोळ्यांना बजावलंस, पेपर संपेपर्यंत गणवेशातल्या पोराला हात लावायचा नाही. आजवर सगळ्यांनी तो पाळला. तुझी तेवढी एकच गोष्ट मी चारचौघांत मान वर करून सांगायचे.

तुझ्या टोळीतला दुइम्पी कुंपणामागून आला. पहिली गोळी पोटात. केर्विन गुडघ्यांवर बसला तेव्हा दुसरी छातीत. मग दुइम्पीने फोन वर धरला आणि म्हणाला, "झालं काम, भाऊ." फोनमधून तू म्हणालास, "शाब्बास." आवाज सगळ्या अंगणाला ऐकू गेला.

केर्विनच्या भावाने तुझा माणूस मारला, हे मला ठाऊक आहे. भाऊ हाती लागला नाही म्हणून हा?

मा-ने जखमेवर एप्रन दाबून धरला, मी दोन्ही हात. रक्त बोटांच्या फटींतून येतच राहिलं. त्याच्या बाहुल्या खूप मोठ्या झाल्या होत्या. उत्तर बरोबर आहे, बुटी. तो एकच सांगत होता, "कोट खराब झाला, आई मारेल." मग तेही सांगेनासा झाला.

रक्ताने चिकटलेली त्या पेपरांची पानं मी किटलीच्या वाफेवर सोडवली. त्यांवरूनच अभ्यास करतेय. दुसरे पेपर कुठून आणू?

मा म्हणते, "गप्प बस. तोंड उघडलंस तर तुला टबातसुद्धा येऊन मारतील." मला भीती वाटते. फार वाटते. पण काल मी पोलिसांना दोन नावं दिली. एक दुइम्पीचं. दुसरं तुझं. खाली सहीसुद्धा केली.

सोमवारी पेपरला जाईन आणि पुढे कोर्टाने बोलावलं की तिथेही. दोन्हीकडे गणवेशातच जाणार आहे. दुइम्पीला तसं कळव. नियम तुझा आहे, एल्रिको. पाळायचा की नाही, ते तू ठरव.

तुझीच धाकटी बहीण,
लीशिया