अहवालातला चौथा परिच्छेद

९ एप्रिल, मंगळवार

निवड समितीचा अहवाल आला. पीएच.डी.च्या एका जागेसाठी एकोणतीस अर्ज, आणि यादीत मी पहिली. दोनदा वाचलं. दुसरी सुन्निवा — एम.एस्सी.ला माझ्याबरोबर लाटांच्या टाकीवर राबलेली. अहवाल सगळ्या उमेदवारांना जातो, म्हणजे तिनेही वाचलाच असणार.

बाबांना फोन केला. "बरं झालं," म्हणाले. एवढंच. पण दोनदा म्हणाले.

१० एप्रिल

चौथा परिच्छेद! 'उमेदवाराने रोज सकाळी ठरावीक वजनं टांगून लाटांचा जोर मोजणारे सेन्सर स्वतः तपासले. ही शिस्त निर्णायक ठरली.'

हे मी केलेलं नाही. टाकीतल्या खांबाचं मॉडेल माझं, लाटांची आखणी माझी, आलेख माझे. पण सकाळी सातला येऊन वजनं टांगायची ती सुन्निवा. एम.एस्सी.च्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत तसं लिहिलंय मी. समितीने ती वाचलेली दिसत नाही.

चूक कळवायला १६ तारखेपर्यंत मुदत.

११ एप्रिल

सुन्निवाला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. कागदातून पावाचे काप सोडवत म्हणाली, "काय हो, पहिला नंबर आज आमच्या टेबलावर?"

मी चौथा परिच्छेद पुढे केला. तिचं हसू गेलं.

"सोड ना. तुला कुणी विचारलंय?"

"काम तुझं आहे. तुझा नंबर वर जाईल."

"मला नकोय. खरंच सांगते, इंगेबोर्ग, नको लिहूस." मग — "घरीच शिकलीस ना, म्हणून अशी. शाळेत असतीस तर एव्हाना चार जणींचं बघून लिहिलं असतंस."

तपकिरी चीजचा एक काप तसाच टाकून उठली.

१३ एप्रिल

या विषयाची जागा तीन वर्षांत ही एकच निघाली.

बेटावर शाळा नव्हती, बाबाच शिकवायचे. रोजचा पाऊस मी मोजायचे. एकदा तापात पडले तेव्हा धाकट्या भावाने मोजला. बाबांनी वहीत त्या ओळीपुढे त्याचं नाव माझ्याच हातून लिहून घेतलं. किती रडले होते मी.

आणि सुन्निवा स्वतःहून नको म्हणतेय. केवढं मन तिचं! मला तर तिच्याकडे बघवत नाही.

१५ एप्रिल

ओड्वारना विचारलं. माझे मार्गदर्शक, समितीत नाहीत. कॉफीच्या कपात बघत म्हणाले, "काय करायचं ते तुला माहीत आहे. मग मला कशाला विचारतेस? मी नको म्हणावं म्हणून?"

हो. त्यासाठीच.

१६ एप्रिल

पाठवलं. पाच ओळी. सेन्सरच्या तपासणीचं सगळं श्रेय सुन्निवाचं.

१७ एप्रिल

झोप लागली. किती दिवसांनी.

२२ एप्रिल

समितीचं पत्र, मला आणि सुन्निवाला. श्रेय बदलण्याआधी तपासणीच्या मूळ नोंदी बघायच्या आहेत, सुन्निवाने त्या पाठवाव्यात. साधीच गोष्ट. पण ती फोन उचलत नाही.

२३ एप्रिल

सुन्निवाने अर्ज मागे घेतला. सांगायला घरी आली. जॅकेटही काढलं नाही, दारातच उभी. "पहिले चार दिवस टांगली वजनं. रोज तेच आकडे येत होते. पुढचे मी वजनं न टांगताच बसून लिहून काढले. किती वेळा म्हटलं तुला, नको लिहूस."

माझे सगळे आलेख त्याच आकड्यांवर उभे आहेत.

समितीला दुसरं पत्र लिहायला बसले आहे.