जावईबापू, हे उघडू का?

ती. दादांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार उभ्यानेच आहे. बसण्याच्या बाबतीत सध्या दुहेरी अडचण आहे, ती पुढे येईलच.) तुमची प्रकृती ठणठणीत असेल, वहिनींचा खांदा दुखायचा थांबला असेल आणि बाबा मजेत असतील, अशी आशा करतो. इकडे तुमची बहीण ठीक आहे. मी मात्र कालपासून पार हादरलोय. त्याला कारण तुमच्या मातोश्री, म्हणजे माझ्या सासूबाई.

तुम्हाला आठवत असेल, गेल्या वर्षी आपण दोघांनी चहा पिता पिता ठरवून टाकलं होतं, की तुमची जागा लहान, तेव्हा बाबा तुमच्याकडे आणि आई आमच्याकडे. बाबांच्या गुडघ्यांना आमचे तीन मजले झेपत नाहीत, इमारतीला लिफ्ट नाही, म्हणजे वाटणी आपोआपच झाली. आई त्यावर चकार शब्द बोलल्या नाहीत. आपल्याला वाटलं, पटलं त्यांना. दादा, इतका गाढवपणा आपण दोघांनी मिळून एरवी कधी केला नसेल.

सुरुवात माझ्याच तोंडाने झाली. आल्या दिवशी मी त्यांना म्हणालो, ‘आई, हे घर तुमचंच समजा.’ असं सगळेच जावई म्हणतात आणि कुठलीच सासू ते खरं धरत नाही. तुमच्या आईंनी धरलं. आठवड्याभरात त्या मिक्सर घेऊन माझ्यापुढे उभ्या. ‘जावईबापू, हे उघडू का? फार घरघरतंय.’ आता सासूला नाही कसं म्हणायचं? मी म्हणालो, ‘अहो, विचारता काय!’ मिक्सर उघडला, जोडला, सुरूही झाला, फक्त ओट्यावर मूठभर स्क्रू उरले. मी ते घाबरत घाबरत दाखवले, तर त्या खूश होऊन म्हणाल्या, ‘बघा, यांच्यावाचून काही अडलं का? उगाच घालून ठेवतात.’ स्क्रू एका बरणीत गेले. मग इस्त्री, मग रेडिओ, मग टेबलफॅन (तो हल्ली उजवीकडे वळतो आणि तिकडेच रुसून बसतो). दर वेळी त्या फडक्याला हात पुसत रीतसर परवानगी मागायच्या, दर वेळी मी ‘विचारता काय’ म्हणायचो, आणि बरणी भरत जायची. तुमच्या बहिणीकडे गाऱ्हाणं घातलं, तर ती म्हणाली, ‘हो कोण म्हणतं? तुम्हीच ना? मग निस्तरा.’

ज्या दिवशी त्यांनी वॉशिंग मशीनकडे बोट दाखवलं, त्या दिवशी मी ‘नको’ म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून मात्र सवयीने तेच निघालं. संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघतो, तर मशीन आहे, मोटर नाही. मग माझ्या सायकलीचं पुढचं चाक नाहीसं झालं. मग माझी फिरती खुर्ची, जिच्यावर बसून मी तुम्हाला आजवरची सगळी पत्रं लिहिली. (अडचण पहिली. हे पत्र फ्रिजवर कागद ठेवून लिहितोय. फ्रिज अजून शाबूत आहे. हळू बोलतो.)

काल सकाळी आईंनी मला इमारतीच्या मागच्या अंगणात बोलावलं. बघतो तर आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक लोखंडी दांडा बाहेर आलेला, दांड्याला माझ्या सायकलीचं चाक, चाकावरून दोर. दोराच्या एका टोकाला खाली माझी खुर्ची, दुसऱ्या टोकाला वर वाळूची पोती. माझे डोळे पांढरे झाले. त्या म्हणाल्या, ‘जावईबापू, जरा बसून बघता का?’ आणि दादा, मी काय म्हणालो असेन ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्यांनी मला पट्ट्याने खुर्चीला बांधलं. (पट्टा माझाच, कमरेचा. पुढच्या प्रकारात विजारीचं काय झालं असेल, ते सांगत नाही.) मग खालची कडी काढली. मी वर चढलो असं म्हणवत नाही. मी उडालो! आणि मोटर अजून सुरूसुद्धा केली नव्हती. खुर्ची फिरती, त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना मी चारही बाजूंनी दिसलो. त्यांच्या पेशंटने आधीच उघडलेलं तोंड त्यानंतर बराच वेळ मिटलं नाही म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर वकीलबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. ओळखीच्या म्हणून मी नमस्कार केला, तर त्यांच्या हातून झारी सुटली. तिसऱ्या मजल्यावर आमच्या कठड्याशी मी असा आदळलो, की अडचण दुसरी तिथे उद्भवली.

लोंबकळता लोंबकळता जन्मात पहिल्यांदा मी सासूवर ओरडलो. ‘आई, हे काय आरंभलंय तुम्ही? मला मारता काय?’ त्या खालून मान वर करून, अगदी ओशाळून म्हणाल्या, ‘चुकलंच माझं. वाळू ह्यांच्या वजनाची भरली होती. तुम्ही फारच हलके निघालात.’

दादा, तो मिक्सर, तो फॅन, ती मोटर, सगळं वर्षभर कशासाठी चाललं होतं, ते कळायला मला तिसऱ्या मजल्यावर टांगून घ्यावं लागलं. बाबांना वर आणायचं होतं त्यांना. कुणाकडे काही न मागता, कुणाला न दुखवता. मला मग ओरडता येईना. तुमच्या बहिणीने मला कॉलर धरून आत ओढलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडत बसली.

तरीही माझ्या जिवावर बेतलं होतं, हे नाकारता येत नाही. तेव्हा कळकळीची विनंती, की येत्या रविवारी गाडी घेऊन या आणि आईंना दोन महिने तिकडे न्या. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला,
तुमच्या बहिणीचा (अद्याप हयात) नवरा

ता. क. : पत्र तुमच्या बहिणीने वाचलं. आईंना न्यायची ओळ रद्द समजावी. रविवारी गाडी आणायचीच आहे, पण बाबांना बसवून. उद्या लिफ्टवाला येऊन पक्का ब्रेक आणि तारेचा दोर बसवून देणार आहे. इमारतीतल्या लोकांची हरकत नाही. वकीलबाईंनी तर आपली आत्याही वर येऊ शकेल का, म्हणून विचारलंय.

ता. क. दुसरा : इथून पुढे पेन्सिल आहे. पेन जरा अडखळत होतं, ते आईंनी पाहिलं आणि मला विचारलं.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच : बाबांचं आत्ताचं वजन कळवा. मी आईंना म्हणालो, गेल्या वर्षीचं होतं तेच धरा की. त्या म्हणाल्या, ‘नको. माझ्याशिवाय नीट जेवत नाहीत ते. उतरलं असेल.’ तेव्हा काट्यावर उभं करून बघा आणि असेल ते लिहा. तुम्ही दर पत्रात ‘बाबा मजेत आहेत’ लिहिता आणि आई ते ऐकून घेतात, पण या वेळी त्यांना तेवढी वाळू काढायची आहे.