गप्प बसून वाचवलेला डेटा

आबा, गेल्या महिन्यात मी सिम बदललं. तुम्ही असता तर "परत? जुन्याला काय झालं रं?" असं नक्की विचारलं असतं. जुन्याला काही झालं नव्हतं. पण मी पतसंस्थेत जन्म काढलेला माणूस. व्याजदर ताडून पाहिल्याशिवाय ठेव ठेवत नाही, तसा डेटाही घेत नाही. कर्जतच्या बाजारात मोबाईलच्या दुकानात अर्धी दुपार बसलो आणि तीन कंपन्यांचे प्लॅन शेजारी शेजारी ठेवले. एकाची मुदत अठ्ठावीस दिवस, म्हणजे नाव महिन्याचं आणि वर्षाकाठी एक रिचार्ज जास्तीचा. दुसऱ्याची मुदत चांगली लांब, पण सगळ्या मुदतीला मिळून डेटाचा एकच गठ्ठा. चार वेळा व्हिडिओवर बोललं की खलास. तिसऱ्यात रोज दोन जीबी, उरला तर दुसऱ्या दिवशी धरत नाहीत, संपला तर नेट बंद पडत नाही, नुसतं रखडतं. मी दुकानदाराला इतके प्रश्न विचारले की शेवटी तो कातावला. "काका, तुम्हाला पाहिजे कशाला ते सांगा ना. पिक्चर बघता काय?" मी म्हटलं, मुलीशी बोलायला. त्यानं तिसरं सिम काढून दिलं. त्याची रेंज, तुमच्या सिमची यायची तशी, आपल्या घरात तुमच्या खाटेपर्यंत येते. डोंगर आडवा असल्यामुळे बाकीच्या दोन कंपन्यांची ओटीवरच अडते, हे तुम्हाला माहीतच आहे.

तर आता माझ्याजवळ रोज दोन जीबी आहेत आणि तुमची नात मला दोन मिनिटं देते. तुमच्याजवळ एकच जीबी होता आणि तुम्हाला ती अख्खी संध्याकाळ द्यायची. मला ह्याचा राग येतो. राग कसला, सरळ जळतो मी तुमच्यावर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी जळतो.

ती तेव्हा पुण्याला नर्सिंगच्या होस्टेलवर होती. दिवेलागणीला तुम्ही खाटेवर बसायचे, समोर मोड आलेल्या वालांचं पातेलं, आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. बिरड्याचे वाल सोलायच्या कामाला आई गेल्यापासून तुम्ही कुणाला हात लावू दिला नाही. तिकडे ती वही उघडून बसलेली, इकडे तुम्ही एकेक वाल चिमटीत धरून साल काढताय, आणि दोघंही गप्प. मी कामावरून खोपोलीहून येतो, चपला काढतो, पाहतो तर फोन चालू आणि कुणी काही बोलत नाही. पहिल्यांदा मला वाटलं, तुमच्याकडून चुकून लागला असेल. बंद करायला गेलो तर माझ्या हातावर चापट बसली. "ऱ्हाऊ दे. बोलत नाय आमी. बोललं का डेटा जातो."

तुमच्या डोक्यात कुठून शिरलं होतं कोण जाणे. जुन्या फोनला बोलण्याचे पैसे पडायचे, म्हणून डेटाही तोंड उघडलं की खर्च होतो, असा तुमचा ठाम समज. मी तुम्हाला समजावलं, आबा, चित्रालाच सगळा डेटा लागतो. बोललात काय आणि मुके बसलात काय, सारखाच जातो. तुम्ही मान वरसुद्धा केली नाही. "मंग तू बोल बाबा. आमी हाय असं बरं हाय." तिकडून ती हसली. मग डेटा संपायचा, चित्र अडकायचं, तिचा चेहरा अर्धवट खाली वळलेला तसाच थिजायचा, आणि तुम्ही त्या थिजलेल्या चेहऱ्यासमोर बसून उरलेले वाल संपवायचे. मी आत जाऊन बायकोला म्हणालो, ह्या दोघांना वेड लागलंय. ती म्हणाली, "तुम्हाला का एवढं लागतंय?"

लागत होतं कारण मला मिळालेला बाप हा नव्हता. माझा बाप रसायनीच्या कंपनीतून पाळी संपवून यायचा तो प्रश्न घेऊनच. गणितात किती पडले? वही कुठंय? पाढे म्हण. नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला कॅल्क्युलेटर आणलात. मी खोका उघडतोय तोवर म्हणालात, "हिशेबात चुकलास तर घरी येऊ नको." सगळे हसले, मीही हसलो. पण माझ्याजवळ तुम्ही काही न विचारता बसला आहात अशी एक संध्याकाळ मी आठवायला जातो आणि मला सापडत नाही. ती कला तुमच्याजवळ होती, हे मला माझ्याच मुलीच्या फोनवरून कळलं. तेव्हा मी तिच्यावरही जळलो. पोटच्या पोरीवर.

आणि मी तरी काय केलं? ती आता हैदराबादला मोठ्या दवाखान्यात आहे. फोन लागला की मी सुरू होतो. जेवलीस का, ड्यूटी कुठली, पगार झाला का, आरडीचं काय केलंस. ती "हो बाबा, झालं बाबा" म्हणते आणि "ठेवते हं" म्हणते. मध्ये एकदा मी तिला तोंडावर विचारलं, आबांशी तासन् तास बसायचीस, माझ्याशी काय होतं? ती म्हणाली, "आबा काही विचारायचे नाहीत, बाबा."

म्हणून परवाच्या रविवारी मी ठरवून गप्प बसलो. फोन खिडकीत ठेवला आणि पेपर उघडला. ती भेंडी चिरत होती. तिला दोनदा वाटलं रेंज गेली, "बाबा, येतोय का आवाज?" मी नुसती मान हलवली. जीभ किती वळवळत होती ते माझं मला ठाऊक. मग ती तिच्या कामाला लागली आणि मी पेपराआडून तिला पाहत राहिलो. ती वाळलीये. कपाळावर आठी घालून चिरते, तिच्या आजीसारखी. हे सगळं तुम्ही रोज पाहत होता आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत.

भाजी फोडणीला टाकून ती वळली आणि एकदम थांबली. "बाबा, तुम्ही गप्प बसलात की अगदी आबा दिसता हो." तिचे डोळे भरले. ओल्या हातानं तिनं फोन उचलला आणि अगदी जवळ आणून ठेवला.

डेटा माझा, सिम माझं, तोंड माझं, आणि तिनं जवळ घेतलं ते तुम्हाला. हे कुठं पोचणार नाही म्हणून लिहितोय, नाहीतर तुम्ही ओटीवर बसून चार माणसांत सांगितलं असतंत. मी तोंड उघडलं होतं, आबा. अगं मी आहे, तुझा बाप, असं म्हणणार होतो. पण बोललो असतो तर तिनं फोन ठेवला असता. म्हणून मी तुम्ही होऊन बसून राहिलो, आणि मला ते आवडलं.