पाइपातला लाल हात

तीर्थस्वरूप थोरल्या मावशीस,

नव्या वर्षाला घालते तसा गुडघे टेकून नमस्कार. (जमिनीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरतं, त्यामुळे यात माझा काही त्याग नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? मामाच्या अंगणात चिखल असतो तेव्हा मी पाठवलेले बूट घालत जा, ते कपाटात ठेवायला पाठवले नव्हते. मामाला आणि त्याच्या कुत्र्याला आठवण सांग. इथे सर्व ठीक आहे. हे वाक्य पत्रात घालायची पद्धत आहे म्हणून घातलं. पुढचा मजकूर वाचताना ते विसरून गेलीस तरी चालेल.

पत्राचं कारण तांत्रिक आहे. मला मिठाचं प्रमाण हवं आहे. फोनवर विचारलं तर तू म्हणालीस, "पुरेल तेवढं घाल." पुरेल म्हणजे किती, तर "हाताला कळतं." कुणाच्या हाताला, असं विचारल्यावर "बिल वाढतंय गं" म्हणून फोन ठेवलास. (तुझ्या फोनचे पैसे मी भरते आणि जास्त बोललं म्हणून ते वाढत नाहीत, हे किती वेळा सांगू?) पत्राला असं तोडता येत नाही. तू तोडलंस तरी मला इथे कळणार नाही, म्हणून लिहिते आहे.

आता कोबीबद्दल. मामाचा ट्रक आला आणि ड्रायव्हरने तीस गड्डे आमच्या इमारतीच्या दारात उतरवून ठेवले. सोबत मुळे, आणि तुझा निरोप: "ताजं आहे, वाया घालवू नकोस." मावशी, आमच्या या नव्या शहरात आता कुणी कच्चा कोबी आणत नाही. लोक मीठ लावून निथळलेला कोबी खोक्यातून मागवतात आणि घरी फक्त मसाला चोपडतात. तेही पुष्कळ झालं, बाकीचे सरळ तयार किमची विकत घेतात. तीस गड्डे मातीसकट लिफ्टमध्ये चढवणारी मी एकटीच. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका मुलाने आईला विचारलं, "हे काय आहे?" आई म्हणाली, "जेवण." दोघंही माझ्याकडे दयेने बघत होते.

कोबी मी आंघोळीच्या टबात खडेमिठात घातला. मिठाच्या पाण्याची तीव्रता मोजून दहा टक्के ठेवली. तुझे लाल रबरी हातमोजे सिंकखालीच राहिले होते, ते घातले. (मध्यम माप. मला किंचित मोठे होतात, पण ते तिथे होते म्हणून वापरले, दुसरं कारण नाही.) आपल्या जुन्या टेकडीवरच्या गल्लीत हे काम सहा-सात बायका करायच्या. एक धुवायची, एक चिरायची, एक मसाला भरायची आणि तू कुणाला काय येत नाही ते सांगायचीस. मला एकटीला पहाट होणार होती. पण वेळेपेक्षा एक वेगळी अडचण आली. पहिलं पान मसाल्यात लाल झालं की त्यात डुकराच्या मांसाचा शिजवलेला तुकडा गुंडाळून शेजारणीच्या तोंडात घालायचा असतो, कारण प्रत्येकीचे हात तिखटाने माखलेले असतात. मी तो घास तयार केला, तेव्हा लक्षात आलं की माझेही हात माखलेले आहेत आणि तोंडही माझंच आहे. शेवटी मोजे काढून, हात धुऊन, चॉपस्टिकने खाल्ला. मीठ जास्त झालं होतं.

यानंतर जे केलं त्याला सबब नाही. बाहेरची पानं आणि बुडखे मिळून चार पिशव्या कचरा झाला होता. आमच्या मजल्यावर लिफ्टशेजारी कचरा हवेने ओढून नेणाऱ्या पाइपाची जी झाकणं आहेत (तुला ती कधीच आवडली नाहीत), त्यांच्यावर एक सूचना चिकटवलेली आहे: "किमचीच्या दिवसांत कोबीची पानं पाइपात टाकू नयेत." ही सूचना कचरा केंद्रातली कर्मचारी म्हणून मीच टाइप केली आहे. मी ती वाचली, शुद्धलेखन तपासलं आणि चारही पिशव्या आत ढकलल्या. पाइपाने हवा ओढली, पिशव्या गेल्या आणि शेवटच्या पिशवीबरोबर माझ्या डाव्या हातातला मोजाही गेला. मोठा होत होता, हे वर लिहिलंच आहे.

सकाळी केंद्रावर कामाला पोचले तेव्हा साऱ्या शहराच्या नकाशावर एकच दिवा लाल होता, आमच्या इमारतीचा. आमचे प्रमुख बांग साहेब चहाचा पेला घेऊन त्याच्याकडे बघत उभे होते. "कुणाचं काम असेल?" ते म्हणाले. मी म्हटलं, तपासावं लागेल. तपासायचं कामही माझंच. चाकं लावलेला कॅमेरा पाइपात सोडला आणि आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. आधी काळोख दिसला, मग कोबीची पानं, ओल्या गोधडीसारखी एकमेकांना चिकटून सगळा पाइप अडवून बसलेली. आणि त्या पानांच्या मधोमध कोपरापासून पुढचा एक लाल हात. पाचही बोटं पसरलेली, हवेच्या झोतात सावकाश हलत होती. कुणीतरी आतून निरोप देत असावं तशी.

बांग साहेब खुर्चीसकट मागे गेले. "माणूस आहे आत! पोलिसांना फोन लाव!"

"माणूस नाही, साहेब," मी म्हटलं. "रबरी मोजा आहे. मध्यम माप."

त्यांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. मग ते म्हणाले, "माप कसं कळलं तुला?"

मावशी, मला खोटं बोलता येतं, पण तयारी लागते.

बांग साहेबांनी अहवालात "कारण: हंगामी" असं लिहिलं. (माणूस चांगला आहे. त्यांच्या बायकोनेही यंदा तयार किमची आणली, याचं त्यांना मनातून दुःख आहे.) पण शिक्षा केलीच. दुरुस्ती होईपर्यंत इमारतीचा पाइप बंद, अंगणात पिंपं मांडायची, लोकांनी रोज संध्याकाळी कचरा हाताने खाली आणायचा आणि तो वेगळा करतात की नाही हे बघायला मी तिथे उभं राहायचं.

पहिल्या संध्याकाळी लोक असे आले की जणू त्यांना रस्त्यावर अंघोळ करायला सांगितलं आहे. पिशव्या कोटाखाली लपवलेल्या, मान खाली. मी उरलेला उजवा मोजा घालून उभी होते. ठरवलं होतं की फक्त बघायचं, बोलायचं नाही. तेवढ्यात एकाने वेष्टन न काढता दह्याची बाटली पिंपात टाकली आणि माझ्या तोंडातून आवाज आला: "अहो, इकडे या. ही धुतली कुणी? वेष्टन काढताना नखं झिजतात का?" तो माणूस आणि मी, दोघंही दचकलो. तो तुझा आवाज होता. गल्लीत रिसायकलिंगच्या दिवशी तू पिंपाजवळ उभी राहून दुकानदारापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांच्या बाटल्या परत पाठवायचीस, तेव्हा मी लाजेने घरात बसायचे आणि बाहेर यायचे नाही. ते सगळं भिंतीतून ऐकून माझं पाठ झालं असावं.

तो माणूस मुकाट बाटली घेऊन गेला आणि धुऊन परत आला. दुसऱ्या दिवशी लोक जरा लवकर आले. मग आणखी लवकर. आमच्याच मजल्यावरच्या ११०४ मधल्या बाई (त्यांचं आडनाव प्यो आहे हे मला आता कळलं, आधी त्या फक्त आकडा होत्या) भाजलेली रताळी घेऊन येतात. तिसऱ्या मजल्यावरचे हम आजोबा घरून स्टूल आणतात आणि बसून प्रत्येकाच्या पिशवीचं परीक्षण करतात. काल प्यो बाई त्यांना म्हणाल्या, "आजोबा, परवा एवढ्या बाटल्या आणल्यात, आज पुन्हा सोजूच्या एवढ्या?"

"पाहुणे होते."

"किती पाहुणे? का आरशातलाच एक?"

"तोच. पण खूप पितो."

बांग साहेब देखरेखीला म्हणून येतात आणि येताना स्वतःच्या घरचा कचरा घेऊन येतात. ते दुसऱ्या टोकाला राहतात आणि त्यांचा पाइप उत्तम चालतो. "आमच्याकडे ओढ जरा कमी पडते," असं ते म्हणाले. मी नकाशावर पाहिलं. कमी पडत नाही.

मी माझी किमची प्यो बाईंना चाखायला दिली. त्यांनी डोळे मिटले, पाणी मागितलं आणि म्हणाल्या, "हे मीठ कुणी घातलं? समुद्राने?" त्यावरून लोकांत चर्चा पेटली. माझ्याकडचे उरलेले मुळे असेच वाया जाणार का, यंदा अंगणातच सगळ्यांनी मिळून घालायची का, टब कुणाकडे आहे वगैरे. येता शनिवार ठरला. टब मिळाला, माणसं मिळाली, फक्त मीठ कळणारं कुणी नाही. प्रत्येकजण म्हणतो, आमच्या आईला कळायचं.

तेव्हा हम आजोबांनी मध्येच सुरुवात केली. "आमच्या टेकडीवर एक बाई होती," ते म्हणाले. "खालच्या गल्लीत. माझी एक बाटली तिने तीनदा परत पाठवली. चौथ्यांदा मी ती उन्हात वाळवून नेली, तर म्हणते, आता शिकलात. पण किमची! माझ्या बायकोची किमची तिने एकदा दुरुस्त करून दिली होती, मेल्यागत पडलेली किमची उठून बसली." मग म्हणाले, "टेकडीवरची घरं पाडली तेव्हा कुठे गेली कोण जाणे. मेलीही असेल, पण वाटत नाही. तिने यमालाही आधी बाटली धुवायला लावली असती."

मी विचारलं, त्या बाईंच्या डाव्या गालावर तीळ होता का?

"होता. तुला कसं माहीत?" (हा प्रश्न हल्ली मला फार विचारला जातो.)

मावशी, मागच्या हिवाळ्यात तू आमच्या अकराव्या मजल्यावर राहत होतीस आणि हम आजोबा तिसऱ्यावर. सबंध हिवाळा. तू झाकण उघडायचीस, पिशवी टाकायचीस, पाइप ती ओढून न्यायचा आणि तू दार लावून खिडकीत बसायचीस. तेही तेच करायचे. तुमच्या दोघांच्या पिशव्या रोज एकाच पाइपात भेटत होत्या. तू एकदा म्हणालीस, "इथे कचरासुद्धा न सांगता निघून जातो." मी तेव्हा तुला पाइपातला हवेचा वेग सांगितला. मग कोबी काढायला मामाकडे म्हणून गेलीस, "पंधरा दिवसांत येते" म्हणालीस, आणि आता पुढचा कोबीही काढून झाला. मी कधी विचारलं नाही. कुणाला यायचं असेल तर तो येतो, असं माझं मत होतं. आई गेली तेव्हा मला घ्यायला ये असं तुला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तू आलीस. त्यावरून मी हे मत बनवलं असावं. एकाच उदाहरणावरून नियम काढू नये, हे मला कळायला हवं होतं.

हम आजोबांनी विचारलं, "मग असते कुठे ती?" मी सांगितलं, तात्पुरती बाहेरगावी गेली आहे.

तर मिठाचं प्रमाण लिहून पाठव. टेकडीच्या जागी आता एकवीस मजले झाले आहेत. आपल्या गल्लीच्या जागी गाड्या लावतात. मी गेले होते, पण तुला सांगण्यासारखं तिथे काही नव्हतं.

तुझी,
बोराम

ता. क. मिठाचं प्रमाण मला आता माहीत आहे. प्यो बाईंनी सांगितलं. तरी पाठवलंस तर हरकत नाही.

ता. क. तुझ्या खोलीच्या जमिनीखालची ऊब मी चालू ठेवली आहे. फोनवर तू "रिकाम्या खोलीला ऊब कशाला" म्हणून ओरडलीस, तेव्हा मी नळ्या गोठतात असं कारण दिलं होतं. या इमारतीत नळ्या गोठत नाहीत.

ता. क. पाइपाच्या दुरुस्तीला लागणारा सुटा भाग परदेशातून यायचा आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. तो आला आहे. माझ्या टेबलाच्या खणात आहे. काल बांग साहेबांनी पेन शोधायला खण उघडला, त्याच्याकडे पाहिलं, "पेन नाही इथे" म्हणाले आणि बंद केला. पण वरून विचारणा झाली आहे, सोमवारी बसवावाच लागेल. मग सगळे पुन्हा आपापल्या मजल्यावर. म्हणून जे व्हायचं ते शनिवारी. मामाचा ट्रक शुक्रवारी पहाटे इकडच्या बाजाराला निघतो आणि पुढच्या सीटवर जागा असते, असं मामा म्हणाला. (मी त्याला फोन केला होता. तुला सांगू नकोस म्हटलं होतं, म्हणजे त्याने सांगितलंच असेल.)

ता. क. पाइप साफ करताना डावा मोजा सापडला. बोटं फाटली आहेत. उजवा नळावर वाळत घातला आहे, पण एका मोज्याने गड्डा धरता येत नाही. नवी जोडी पोस्टाने पाठवू नकोस. हातात घालून ये.