तिसरा नारळ

१६ मे, अर्नाळा

गाडी आली! नेल्सनने स्वतः आणून दिली. वसईतल्या होळीवरून इथे येईपर्यंत चार ठिकाणी पोरं मागे धावली म्हणे. आत दोन पलंग, शेगडी, बेसिन, संडाससुद्धा. आईने संडासाचं दार उघडलं, बघितलं, बंद केलं. "जेवायचं तिथंच ह्ये पन? मी नाय जायची."

नेल्सनची अट एकच — आत मासळी न्यायची नाही. सुकीसुद्धा नाही. कोळ्याला गाडी देतो आणि वर अट घालतो, गाढव! शाळेत माझ्या डब्यातले बोंबील कोण संपवायचं?

सगळ्यांना सांगितलंय, आईबाबांना फिरवतो, तिन्ही आत्यांना भेटवतो. खरं कारण फक्त नेल्सनला ठाऊक, आणि आता इथे लिहितो. मस्कतची कंपनी टँकरवर ड्रायव्हर म्हणून अजून तीन वर्षं बोलावतेय. २४ तारखेपर्यंत कळवायचं. मी मनात हो म्हटलंय. बाबांचा गुडघा गेलाय, बोट महिनाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलीय, आणि अख्खं गाव धरून बसलंय की विकी आला, आता सुकाणू तोच धरणार. रस्त्यात कुठेतरी सांगून टाकीन. चालत्या गाडीतून उठून जाणार कुठे बाबा?

१७ मे, आचोळे

निघायच्या आधी बाबांनी कढई, बादली, शेगडी, सगळं दोरीने आवळून बांधलं. जसं काही आचोळ्याच्या सिग्नलला उधाण येणार होतं.

मोठ्या आत्याच्या बिल्डिंगखाली गाडी लावली तर निम्मी बिल्डिंग खाली. वॉचमन दोनदा संडास बघून गेला. आत्याची संजना मोबाईल धरून — "दादा, लग्नानंतर वहिनीला ह्याच्यातच ठेवणार का?"

बाबांच्या पेटीत लाल फडक्यात तीन नारळ आहेत. त्यातला एक काढून ते आत्याबरोबर आतल्या खोलीत गेले. दार लावलं! आत्या बाहेर आली ती डोळे पुसत. माझ्या गालावरून हात फिरवला. माझ्या लक्षात आलं. तीन आत्या, तीन नारळ — माझ्यासाठी मुलगी शोधायला लावलंय. बाबा पण छुपे रुस्तम!

सांगायचं राहिलं.

१८ मे, सातपाटी

मधल्या आत्यानेही नारळ घेतला. हीपण रडली. एवढी वाईट आहे का मुलगी?

१९ मे, डहाणू

समुद्र बघायला आणलं तर बाबा दोन तास डहाणूवाल्यांच्या बोटींना नावं ठेवत बसले. "ही काय बांधनी? हिला बांधली कोनी, सुतारानं की लोहारानं?"

गाडीत वास! शोधलं तर आईच्या पलंगाखाली बोंबलांचं गाठोडं. "नणंदांकडं हात हलवत जाऊ?" मी म्हटलं, दोघींना देऊन झालं ना? "जिजाचं ऱ्हायलंय. आनि वाटेत भूक लागली तर?" तेवढ्यात नेल्सनचा फोन. "गाडी कशी आहे?" एकदम फ्रेश, म्हटलं. काच खाली करून बोललो.

आजपण नाही सांगितलं. तोंड उघडलं की बाबा म्हणतात, पुढं बघून चालव.

२० मे, जव्हार

घाट चढून आलो. दाभोसा धबधब्याच्या वर उभे राहिलो. खाली नुसते दगड.

"पानी कुठंय?"

"पावसाळ्यात असतं, बाबा."

"मंग आता कशाला आनलंस?"

बरोबर आहे. पण आज सांगायचंच ठरवलं होतं. म्हणून आधी पोट खूश करायचं. आंब्याच्या सावलीत गाडी लावली आणि स्वतः शेगडीपाशी बसलो. (मस्कतला आम्ही सहा जण, पाळीने रांधतो. माझ्या चटणीला केरळवालेपण हात चाटतात!) कांद्याच्या टोपलीत एक नारळ मिळाला, आत सुकून गोटा झालेला, खुळखुळ वाजणारा. लाल मिरची, लसूण, खोबरं, वर बोंबील भाजून कुस्करले. बाबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी मोडली आणि थांबले.

"खोबरं कुठलं?"

"टोपलीतल्या नारळाचं."

उठले. पेटी उघडली. फडकं नाही, नारळ नाही.

"घाटात गडगडला आसंल," आई लगेच म्हणाली. मग माझ्यावर घसरली, "तुला बिन खोबऱ्याची चटनी येत नाय?"

बाबा खाली बसले आणि हळूहळू सांगितलं. ते तिन्ही नारळ गेल्या नारळी पुनवेला आमच्या बोटीच्या पुढच्या टोकाला बांधले होते. बोट बांधली तेव्हा तिन्ही बहिणींनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या उतरवून दिल्या होत्या. म्हणून आमच्या घरात बोट विकायची तर बोटीवरचा नारळ एकेकीच्या हातात द्यायचा. तिने ठेवून घेतला म्हणजे तिचं हो. तिघींचं हो झालं तरच बोट दुसऱ्याची.

माझ्या हयातीत कोणी बोट विकलीच नव्हती. मला काय माहीत!

"बोट विकताय? मला न विचारता?"

"तू मस्कतचं सांगितलंस मला?"

नेल्सन! त्याच्या पोटात काही राहत नाही, बोंबील सोडून.

बाबा म्हणाले, "तू जा. मी आडवनार नाय. बोट दारात ऱ्हायली तर तुजा जीव तिच्यात आडकंल. म्हनून इकतो."

मी हातातली भाकरी खाली ठेवली. तोंडात चटणी होती.

२१ मे, वाटेत

बाबांनी आज काही बांधलं नाही. उतारावर कढई दोनदा पडली.

२२ मे, पाचूबंदर

जिजाआत्याने दारातच हात पुढे केला. "आन, दादा. दोघींचे फोन आलेत मला."

"ह्या शहान्यानं खाल्ला."

"काय खाल्ला?"

"नारळ!"

आत्याने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि अशी हसली की शेजारची शर्ली जाळं टाकून धावत आली. "मी घेनारच नव्हते," आत्या म्हणाली. "माज्या बांगड्या हायत तिच्यात. आता कसं, नारळ नाय तर बोट इकनं नाय. येत्या नारळी पुनवेला बोट पान्यात घाला, नवा नारळ बांधा, मंग या इचारायला."

"पान्यात नेनार कोन?" बाबांनी गुडघ्यावर हात ठेवला.

"ज्यानं खाल्ला त्यो."

संध्याकाळी वसईच्या किल्ल्यात फिरलो. बाबा बुरुज बघतच नव्हते. टँकर वळवताना किती आधी स्टेअरिंग फिरवतोस, विचारत होते. मी सांगितलं. म्हणाले, बोट त्याच्याही आधी फिरवावी लागते. नंतर सगळा वेळ तेच बोलणं.

२३ मे, अर्नाळा

एकटाच किनाऱ्यावर गेलो. बोटीचा रंग सुटलाय. नखाने खरवडलं तर खाली जुना निळा. एका जागी पाय न ठरणारा मी, तिथेच दुपार गेली.

२४ मे

मस्कतला कळवलं — यंदा नाही.

नेल्सनने गाडीत डोकं घातलं, नाक वर केलं. "बोंबील?" छे रे, म्हटलं.

सकाळी गाडी धुताना आईच्या उशीच्या अभ्र्यात बाबांच्या पेटीतलं लाल फडकं सापडलं होतं. नीट घडी घातलेलं. तिच्यासमोर धरलं. तिने घेतलं, कमरेला खोचलं.

"चटनीत मीठ जरा जास्त झालं व्हतं," म्हणाली.