आय त्याला ओळखते, मला नाही

सोम., ६ जाने.
आयला तारापूरहून बोईसरला आमच्या फ्लॅटवर आणून आज आठवडा झाला. अजून मला ओळखत नाही. फर्स्ट शिफ्ट करून साडेतीनला आलो, गळ्यात कंपनीचं आयकार्ड तसंच. म्हटलं, फोटोसकट दाखवू. आय म्हणाली, "मीटर बघाला आलाव का तुमी? मीटर भायेर हाय." वर माझ्या बायकोला, संगीताला हुकूम, यांना पाणी दे. अठ्ठावन्न वर्षांचा मी, तिचा एकुलता एक. पाणी प्यायलो, काय करणार.

गुरु., ९ जाने.
सं. रोज दुपारी आयला तिच्या पेटीतलं बायबल वाचून दाखवते. बायको माझी साताऱ्याची, देव्हाऱ्यात खंडोबा. या पुस्तकाला कधी हात लावला नव्हता. मी तरी कुठे! नाताळ सोडला तर चर्चकडे फिरकत नाही.
आज वादळाची गोष्ट. येशू होडीत झोपलेला, लाटा आत येतायत, शिष्य त्याला उठवतात, तो वाऱ्याला दटावतो आणि वारा पडतो. शिष्य एकमेकांना विचारतात, हा आहे तरी कोण? सं. तिथेच थांबली. "आई, खरंच कोण हो हा? माणूस की देव?"
आय ताडकन, "होडीत निजला ना? दमला व्हता. माणूसच." मग बोट वर करून, "आन् वारा कुनाचं आयकतो? माझ्या होडीवाल्या नवऱ्याचं कदी आयकलं नाय. त्याचं आयकलं. मंग देव."
चर्चमध्ये फादरला हेच समजावायला अर्धा तास लागतो. कौतुक वाटायला हवं होतं, पण रागच आला. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो कोण ते हिला पाठ, आणि समोर बसलेला मी मीटरवाला.

मंगळ., १४ जाने.
संक्रांत. सं.ने आयच्या हातावर तिळगूळ ठेवला. आयने त्यातला अर्धा मला दिला. "घ्या, मीटरवाले." सगळे हसलो. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. सं.ला सांगितलेलं नाही.

शुक्र., १७ जाने.
आज येशू क्रुसावर मरून थडग्यातून उठल्यानंतरचं. दोघे शिष्य उदास होऊन गावाकडे चाललेत. येशू सोबत चालतो, वाटभर जुनं शास्त्र उलगडून सांगतो, मोशेपासून सगळं. यांना पत्ताच नाही कोण बोलतंय. घरी जेवायला बसल्यावर त्याने भाकर घेऊन मोडली, तेव्हा ओळखलं. आणि लगेच तो दिसेनासा.
सं. वैतागली. "ओळखीची माणसं ना ही? तोंड बघून कळू नये?"
आय म्हणाली, "तोंडानं नाय गो. मोडताना हात दिसले."
मी इतके दिवस तोंडच पुढे करतोय. आणि कार्ड.

रवि., १९ जाने.
सुट्टी. लहानपणी आय मासळी विकून दुपारी परतायची, तोवर मी चुलीत सुका बोंबील भाजून ठेवायचो. मोडून मोठा तुकडा तिच्या भाकरीवर. आज तसाच गॅसवर धरला. घरभर वास. वरच्या मजल्यावरचे धावत आले, "कुछ जल रहा है क्या?"
तांदळाची भाकरी सं.ने थापली. मी आयसमोर बसलो. बोंबील मोडला, मोठा तुकडा तिच्याकडे.
ती माझ्या हातांकडे बघत राहिली. "पावल्या," म्हणाली, "बोटं भाजली का रे?"
हे नाव तिच्याशिवाय कोणी घेत नाही. भाजली होती खरी. तिने हात धरून फुंकर घातली. सं. पाठ करून उभी.
मी हात धुऊन आलो तर, "तुमी कदी आलाव? बसा."

सोम., २० जाने.
कामावरून येताना दांडी गावच्या मासळीवालीकडून किलोभर सुके बोंबील घेतले. सं. म्हणते, आई रोज ओळखतीलच असं नाही हं. ठाऊक आहे मला.
तिला विचारलं, पुढे काय होतं? येशू दिसेनासा झाला तो झालाच? तिने पान उलटलं. म्हणाली, नाही, परत येतो. आधी शिष्यांना भूतच वाटतं. मग तो हातपाय दाखवतो, खायला काही आहे का विचारतो. ते भाजलेला मासा देतात.
आतून आय विचारतेय, "कोन आलाय?"
कार्ड काढून खिशात ठेवलंय. गॅस पेटवायला जातो.